जुनी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे आत कचरा साठलेलाच असणार का?

नाशिकच्या अंबडमधल्या त्या शॉपमध्ये व्हीएमसीशेजारचा, म्हणजे प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या मशीनशेजारचा, विंडोज एक्सपीवाला पीसी बघून तू विचारलंस की सर, ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली की तिच्यात जुना, बिनकामाचा कोड साठत जाणारच का, आणि तसं असेल तर एकदाच सगळं फेकून नवीन का लिहीत नाहीत. मशीनच्या आवाजात धड बोलता आलं नाही आणि तुला अर्धवट उत्तर देऊन पाठवलं ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता निवांत लिहितोय. बावीस वर्षं मी हेच करतोय, सातपूर अंबड सिन्नर पट्ट्यात जुन्या मशीनला नवे पीसी जोडायचे, ड्रायव्हर, म्हणजे पीसीला जोडलेलं उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम, लिहायचे, दुसऱ्याने लिहिलेला कोड दुरुस्त करायचा, त्यामुळे या प्रश्नावर माझं मत पुस्तकातून आलेलं नाहीये.

आधी सरळ सांगतो. जुना कोड साठतो, हे जवळपास ठरलेलंच आहे. पण जुना म्हणजे बिनकामाचा, हे मला अजिबात मान्य नाही. आणि खरोखर बिनकामाचा जो साठतो तो छाटायला कुणी बसत नाही म्हणून साठतो, त्याचा सिस्टीमच्या वयाशी फार थोडा संबंध आहे.

त्या पीसीकडेच परत बघू. त्याच्या मागून एक जाड करडी केबल निघते, नऊ पिनांची, ती मशीनच्या कंट्रोलरला जाते. कंट्रोलरची मेमरी एवढीशी, मोल्डचा मोठा प्रोग्राम त्यात मावत नाही, म्हणून पीसी थोड्या थोड्या ओळी सोडत राहतो आणि मशीन कापत राहतं, शॉपमध्ये याला ड्रिप फीड म्हणतात ते तू ऐकलंच असशील. आता मशीनचं पोट भरलं की ते पीसीला एकच कॅरेक्टर पाठवतं, १९ नंबरचं, म्हणजे थांब. जागा झाली की १७ नंबरचं, म्हणजे सोड. हे १७ आणि १९ कुठून आले माहितीये? टेलिटाईपवरून, म्हणजे तारेने आलेला मजकूर छापणाऱ्या, टाईपरायटरसारख्या जुन्या यंत्रावरून. १९६३ साली आलेल्या मॉडेल ३३ टेलिटाईपला कागदी पट्टीचा रीडर असायचा, भोकं पाडलेली पट्टी, त्यावर रीडर चालू करायला १७ आणि बंद करायला १९. जगात आता कुणी टेलिटाईप वापरत नसेल, पण तोच थांब-सोडचा व्यवहार तू परवा डोळ्यांनी बघितलास, ऑपरेटरने सायकल स्टार्ट दाबल्यावर त्या केबलमधून दर काही सेकंदांनी तेच चाललेलं असतं, आणि ते सांभाळणारा कोड विंडोजमध्येही आहे, लिनक्समध्येही आहे.

तुझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे ना, टर्मिनल उघड आणि एसटीटीवाय हा कमांड वजा-ए लावून चालव. पहिल्याच ओळीत स्पीड दिसेल, बहुतेक ३८४०० बॉड (केबलवरून डेटा जायच्या वेगाचं माप), लॅपटॉपला कुठलीही केबल लावलेली नसताना. त्याखाली पाच-सहा ओळी चिल्लर शब्दांच्या. त्यात आयएक्सऑन नावाचं एक सेटिंग आहे, तेच आपलं १७-१९ वालं, म्हणूनच टर्मिनलवर चुकून कंट्रोल-एस दाबलं की स्क्रीन गोठते आणि नवीन पोरं हँग झालं म्हणून खिडकी बंद करतात, कंट्रोल-क्यू दाबलं की परत चालू होते. त्याच यादीत ओएलसीयूसी आहे, ते चालू केलं तर स्क्रीनवरचं सगळं कॅपिटल होतं, कारण त्या काळातल्या टेलिटाईपला छोटी लिपीच नव्हती. आणि पुढे सीआर-शून्य, एनएल-शून्य अशी नावं आहेत, ती छपाईचं डोकं ओळीच्या सुरुवातीला परत यायला किती वेळ द्यायचा त्याची. आता बघ, एका यादीत, एकाच ठशात, शेजारी शेजारी, एक सेटिंग ज्याच्यावर अंबडमध्ये आत्ता माल कापला जातोय आणि एक ज्याच्यासाठी जगात यंत्रच उरलेलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच जुनी दिसतात. कुठलं मेलंय आणि कुठलं जिवंत आहे हे कोड वाचून कळत नाही, ते वापरणाऱ्याकडे जाऊन बघावं लागतं, आणि वापरणारे जगभर पसरलेले असतात.

दुसरं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं. रविवार कारंजाच्या बाजूला लग्नपत्रिका छापणारा एक जण आहे, त्याच्याकडे पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर चालतं, २००१ नंतर ज्याची नवीन आवृत्तीच आली नाही ते. मराठी फॉन्ट सगळे जुने, युनिकोडच्या (जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत) आधीचे, म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे नंबर असतात आणि फॉन्ट फक्त चित्र मराठीचं दाखवतो. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडमधून नीट आली ती विंडोज २००० पासून. पण त्याच्या आधीपासून महाराष्ट्रातली छपाई याच जुगाडावर चालत होती आणि बरीचशी अजून चालते. आता विंडोजच्या आत काय आहे, तर मजकूर हाताळणारी बहुतेक फंक्शनं जोडीने आहेत, एक ए लावलेलं, जुन्या एका-बाइटच्या अक्षरांसाठी, आणि एक डब्ल्यू लावलेलं, युनिकोडसाठी. नवीन प्रोग्रामरला वाटतं ते ए वालं अर्धं विंडोज कशाला पाहिजे, उडवा की. ते उडवलं तर त्या माणसाच्या पंचवीस वर्षांच्या पत्रिका, गणपतीच्या पावत्या, सहकारी पतसंस्थेचे अहवाल, सगळ्या फाईली उघडायच्या बंद. तुला जे ओझं दिसतं तो त्याचा धंदा आहे, आणि मला त्याची बाजू बरोबर वाटते, कारण त्याने तर काहीच चुकीचं केलेलं नाही.

जुना कोड टिकतो तो बहुतेक वेळा अशा दिलेल्या शब्दामुळे टिकतो. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टीम/३६० हे मोठ्या संगणकांचं घराणं जाहीर केलं, त्या घराण्याच्या आजच्या मशीनवर त्या काळात लिहिलेले प्रोग्राम अजून चालवता येतात, पत्ते २४ बिटांचे होते ते ३१ झाले मग ६४ झाले तरी जुनं मोडलं नाही, आणि बँका त्याच भरवशावर पैसे मोजतात. लिनक्समध्ये ते सुरू करणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्सचा नियम आहे की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदलल्यामुळे चालू प्रोग्राम मोडता कामा नये, मोडला तर चूक कर्नलची. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ काढताना सिमसिटी हा गेम बंद पडतोय असं दिसलं, गेम सोडून दिलेली मेमरी परत वाचत होता, म्हणजे चूक गेमचीच, तरी त्यांनी विंडोजमध्ये तो गेम ओळखून मेमरी वेगळ्या पद्धतीने द्यायची सोय केली, कारण घरी गेम बंद पडला की माणूस नवीन विंडोजलाच शिव्या घालणार. विंडोज १० वरसुद्धा तू कॉन नावाचं फोल्डर करून बघ, होणार नाही. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता, त्यामुळे कॉन म्हणजे कीबोर्ड-स्क्रीन आणि पीआरएन म्हणजे प्रिंटर ही नावं सगळीकडे राखीव असून चालायचं. १९८३ मध्ये फोल्डर आले, पण तोवर लोकांचे प्रोग्राम त्या नावांवर अवलंबून झाले होते, मग प्रत्येक फोल्डरमध्ये ती नावं राखीव ठेवावी लागली, ती विंडोज १० पर्यंत तरी.

आता माझी एक चूक सांगतो, कारण त्यातून मला हा विषय जास्त कळला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत लासलगावच्या बाजूला वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं. काट्याच्या इंडिकेटरकडून सीरियल केबलने वजन यायचं आणि पावती छापायची. त्यात एक ओळ होती, वजन वाचा, मग ३०० मिलिसेकंद थांबा, वाचलेलं फेकून द्या आणि परत वाचा. शेजारी कॉमेंट, म्हणजे का ते सांगणारी टीप, नाही, काही नाही. मला ते अगदीच वेडगळ वाटलं, वाचलेलं फेकून परत कशाला वाचायचं, मी ती ओळ काढली, दोन काट्यांवर तपासलं, पावती पटकन यायला लागली, मी खूश. तिसऱ्या काट्यावर इंडिकेटर जुना होता, तो आकडे सावकाश सोडायचा आणि पहिल्या वाचनात कधी कधी शेवटचा आकडा यायच्या आधीच आपला प्रोग्राम वाचून मोकळा. ४३२० किलोची कांद्याची ट्रॉली ४३२ छापली गेली. ऑपरेटर जागा होता म्हणून लगेच लक्षात आलं, नाहीतर शेतकऱ्याच्या पट्टीत तेच आलं असतं. पण ते शोधेपर्यंत तीन तास काटा बंद, बाहेर ट्रॅक्टरची रांग, ऊन, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. ज्याने ती ओळ लिहिली तो केव्हाच सोडून गेला होता. मी ओळ परत टाकली आणि तिच्यावर सहा ओळींची कॉमेंट लिहिली, कुठला इंडिकेटर, काय होतं, का थांबायचं. तेव्हापासून कोड काढायच्या आधी तो कुणी आणि कशासाठी टाकला हे शोधल्याशिवाय मी हात लावत नाही, आणि ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशा ओळी लाखांनी असतात.

मग छाटायचंच नाही का? छाटायचं, नक्की छाटायचं. मेयर लेहमन नावाच्या शास्त्रज्ञाने आयबीएमच्या ओएस/३६० चा अभ्यास करून १९७० च्या दशकात सॉफ्टवेअर कसं वाढत जातं याचे नियम मांडले, त्यातला दुसरा असा की प्रणाली बदलत गेली की गुंतागुंत वाढत जाते, ती कमी ठेवायचं काम मुद्दाम केलं नाही तर. लोक अर्धंच वाक्य सांगतात, मला ते शेवटचं महत्त्वाचं वाटतं. तुमची पिंपळगावला द्राक्षबाग आहे म्हणालास, मग तुला जास्त सांगायला नको. खोड आणि ओलांडे बारा-पंधरा वर्षांचे, काडी दरवर्षी नवी. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि खरड छाटणीला मजुरी पुरेपूर जाते पण त्यातून घड एकही निघत नाही, घड ऑक्टोबरनंतरचे. आमच्या धंद्यात कोडची खरड छाटणी करायला म्हणूनच कुणी पैसे देत नाही. साहेबाला सांगून बघ की सहा महिने तीन माणसं जुना कोड काढणार आहेत आणि नवीन फीचर एकही येणार नाही, तो काय म्हणेल.

तरी जिथे करतात तिथे फरक दिसतो. लिनक्स ज्या ३८६ प्रोसेसरवर १९९१ मध्ये जन्माला आलं त्याच ३८६ चा सपोर्ट त्यांनी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला. २०१८ च्या ४.१७ मध्ये एकदम आठ प्रोसेसर घराणी काढली, साडेचार लाखांहून जास्त ओळी गेल्या आणि कर्नल आधीच्या आवृत्तीपेक्षा लहान झालं, असं फार क्वचित होतं. इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरचा सपोर्ट काढताना मात्र काही लोकांनी आम्ही वापरतो म्हणून हात वर केले होते, तरी सांभाळायला कुणी पुढे येईना म्हणून ६.७ मध्ये तो गेला. ओपनबीएसडी या दुसऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टीमची माणसं तर याबाबतीत फार कडक, मला ती मनापासून आवडतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा मजकूर गुप्त ठेवणाऱ्या कोडमध्ये हार्टब्लीड नावाचा बग निघाला, त्यांनी तो कोड घेऊन स्वतःची लिब्रेएसएसएल ही शाखा काढली आणि पहिल्या आठवड्यातच नव्वद हजारांवर ओळी काढून टाकल्या, १६ बिटांच्या विंडोजसाठी आणि आता कुणी चालवत नाही अशा सिस्टीमसाठी ठेवलेल्या. ॲपलची पद्धत वेगळी, ते तारीख ठरवतात आणि कापतात, मॅकच्या २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून ३२ बिटांचे प्रोग्राम चालायचेच बंद. सिस्टीम सडपातळ राहते हे खरं, पण त्या छाटणीची मजुरी गिऱ्हाईकाच्या खिशातून जाते, ज्याचं जुनं सॉफ्टवेअर गेलं त्याने नवीन घ्यायचं. फुकट कुठेच होत नाही, कोण भरतं एवढंच बदलतं.

जुन्या कोडमुळे पीसी स्लो होतो का, हे पण तू विचारलंस. जवळजवळ नाही. लिनक्सच्या कर्नलचा सोर्स आता ४ कोटी ओळींच्या आसपास गेलाय, पण त्यात निम्म्याहून जास्त ड्रायव्हर, आणि तुझ्या लॅपटॉपवर त्यातले जे लागतात तेवढेच मेमरीत येतात, बाकी डिस्कवर पडून. पडून असलेला कोड जागा खातो, वेळ खात नाही. स्लो होतं ते सुरू होताना उघडणाऱ्या दहा प्रोग्राममुळे आणि कमी रॅममुळे.

मला भीती वाटते ती वेगळ्या प्रकाराची, ज्या कोडला वाली नाही पण दार मात्र उघडं आहे. फाईल शेअरिंगचा एसएमबी-१ हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकातला, विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपोआप चालू असायचा, कुणाला लागो न लागो. त्यातल्या भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करणारा व्हायरस जगभर पसरला, आणि महिनाभराने नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भोक वापरलं तेव्हा आपल्या जेएनपीटीमधलं एक टर्मिनल ठप्प झालं, तेच बंदर जिथून इकडचा द्राक्षाचा आणि कांद्याचा कंटेनर जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज १० च्या अपडेटमध्ये तो प्रोटोकॉल नव्या इन्स्टॉलला आपोआप यायचा बंद झाला, म्हणजे काढता येत होता, उशिरा काढला. आणि २०१५ चं व्हेनम नावाचं भोक बघ. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, खोट्या फ्लॉपीचा कंट्रोलर असतो, अशी मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूमधला तो कोड २००४ पासूनचा, फ्लॉपी वापरणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून तो नीट वाचणारंही कुणी नव्हतं, आणि त्यातून एका व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर पडून खालच्या सर्व्हरपर्यंत जाता येत होतं, काही ठिकाणी तर फ्लॉपी बंद केली तरी तो कोड जागाच राहायचा. माझ्या मते जुन्या कोडकडे बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा, याला सांभाळणारं कुणी आहे का आणि बाहेरून कुणी त्याच्यापर्यंत पोचू शकतं का. वयाचा प्रश्न त्यानंतर.

सगळं नव्याने लिहिण्याबद्दल एवढंच सांगतो की नवीन लिहिलं तरी ते चालणार जुन्याच जगात. तुझ्या लॅपटॉपचा इंटेल प्रोसेसर बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी १९७८ च्या ८०८६ सारखा १६ बिटांत जागा होतो आणि मग पायऱ्या चढत ६४ ला येतो. इंटेलने हे काढून टाकायचा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडला होता, एक्स८६-एस नावाने, आणि २०२४ च्या डिसेंबरात तो सोडूनही दिला. शिवाय नवीन लिहिणाऱ्याला वजनकाट्याच्या त्या ३०० मिलिसेकंदांसारख्या सगळ्या गोष्टी परत एकदा रांगेतल्या ट्रॅक्टरसमोर उभं राहून शिकाव्या लागतात.

त्या एक्सपीवाल्या पीसीचं म्हणशील तर तो तिथे आळसामुळे नाहीये. त्यातलं डीएनसीचं, म्हणजे मशीनला प्रोग्राम पाठवायचं, कार्ड आहे त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटांचा, ६४ बिटांचं विंडोज तो घेतच नाही, आणि नवीन ड्रायव्हर कुणी लिहिणार नाही. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. म्हणून मी मालकांना सांगून त्याची नेटवर्कची केबल काढायला लावली, डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊन दोन ठिकाणी ठेवली, प्रोग्राम आता शेजारच्या नवीन पीसीवर तपासून मगच एका ठरलेल्या पेन ड्राईव्हने जातात. कार्डाची गरजच नको म्हणून साध्या सीरियल पोर्टवरून ड्रिप फीड करणारा छोटा प्रोग्राम मी लिनक्सवर लिहायला घेतलाय, तेच १७ आणि १९. या शनिवारी सेकंड शिफ्टला मशीन दोन तास मोकळं मिळणार आहे, येतोस का, तुझा लॅपटॉप आणि यूएसबी-सीरियल केबल घेऊन ये, ४८०० बॉडपासून सुरू करू.